फाटकापासून तिसरं

विद्यापीठाच्या इमारतींचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. इतिहास विभागाने वेळ नाही म्हणून अंग काढून घेतलं, भाषा विभागात कोणी लिहायचं यावरून जुंपली, आणि कुलसचिवांनी वैतागून मान वळवली तेव्हा समोर मी उभी होते, हातात तुटलेला नळ घेऊन. मी इस्टेट विभागात इंजिनिअर आहे. गळकी छपरं, तुंबलेले पाइप, उखडलेल्या फरश्या हा माझा प्रांत. "तुम्हाला प्रत्येक इमारत आतून माहीत आहे," कुलसचिव म्हणाले. ड्रेनेजच्या बाजूने माहीत आहे, असं मी म्हणणार होते, पण तोवर त्यांचा फोन वाजला होता.

"पंचाहत्तरीचं पुस्तक आहे, जरा गौरवशाली होऊ द्या," फोनवर हात ठेवून त्यांनी एवढंच सांगितलं.

मला एका जागी बसवत नाही. बाबा म्हणतात हे आईकडून आलंय, आई म्हणते बाबांकडून, आणि असं म्हणताना दोघंही उभेच असतात. तेव्हा मी बसून लिहायच्या ऐवजी हिंडून लिहायचं ठरवलं. रोज सकाळी हातोडी, छिन्नी, टेप आणि टॉर्च घेऊन एकेका इमारतीला वळसा घालायचा, कुठे कोणती वीट बसवलीय, कुठला मजला नंतर चढवलाय ते बघायचं. इमारती फार लपवाछपवी करत नाहीत. आमचं ग्रंथालय आधी व्यायामशाळा होती, म्हणून वाचनकक्षाच्या छताला अजून दोर टांगायच्या कड्या आहेत आणि परीक्षेच्या दिवसांत मुलं त्यांच्याकडे बघून नको ते विनोद करतात. आधी मेस होती ती आता रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्या सगळ्या आतल्या चौकात उघडायच्या, कारण बांधणाऱ्यांच्या मते मुलींना बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पुढे कोणाला तरी लाज वाटली आणि बाहेरच्या भिंती फोडून खिडक्या बसवल्या. त्या भिंतींतून आजही पाणी मुरतं आणि ते निस्तरायला मला जावं लागतं.

घोळ झाला तो मुलांच्या वसतिगृहांचा. त्यांना नावं नाहीत, नंबर आहेत, आणि नंबर काही केल्या जुळेनात. एका जुन्या अहवालात नंबर दोन दगडी म्हटलंय, दुसऱ्यात नंबर तीन दगडी, आणि मी समोर उभी आहे ती दगडी इमारत तर नंबर पाच. तीन दिवस माझं डोकं फिरलं होतं. आई म्हणाली, तू झोपेत आकडे बडबडतेस.

उलगडा झाला रंगामुळे. पंचाहत्तरीसाठी सगळ्या वसतिगृहांना नवा रंग द्यायचा म्हणून जुने पापुद्रे खरवडायला घेतले होते. दगडी इमारतीच्या दारावरचा पाच खरवडला, तर खाली तीन निघाला. तीन खरवडला, तर त्याखाली दोन. मी धावत शेजारच्या नंबर चारकडे गेले आणि शिडीवर चढून स्वतःच खरवडायचा पत्रा चालवला. चारखाली दोन. दोनखाली तीन.

मी शिडीवरच बसले. आमच्याकडे नंबर इमारतीचा नसतोच, जागेचा असतो. फाटकातून आत आल्यावर पहिलं लागेल ते एक, पुढचं दोन. टपालवाल्याच्या सोयीसाठी कोणीतरी सुरू केलं आणि मग कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सुरुवातीला फाटक पूर्वेला होतं. मग पश्चिमेकडून मोठा रस्ता गेला, फाटक तिकडे हललं, आणि चार वसतिगृहांचे नंबर एका आठवड्यात उलटे झाले. पुढे नव्या फाटकाजवळ आणखी दोन वसतिगृहं उभी राहिली, तेव्हा सगळे पुन्हा दोन-दोन घरं मागे सरकले. इथल्या माणसांना हे इतकं अंगवळणी पडलंय की ते सांगायची गोष्ट आहे हेच कोणाला कळत नाही.

मी शिडीवर बसले ती मात्र नंबरांच्या कौतुकाने नाही. नव्या फाटकाच्या खांबावर दगडात महिना आणि वर्ष कोरलेलं आहे, मी रोज त्याखालून जाते. तो महिना माझ्या मामाच्या मृत्यूनंतरचा चौथा होता.

मामाला मी पाहिलेलं नाही. तो आणि बाबा या विद्यापीठात एका खोलीत राहायचे, नंबर तीनमध्ये, वरच्या मजल्यावर. एका पहाटे मामा गॅलरीतून खाली पडला आणि गेला. चौकशी झाली, विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा असा शेरा मारून ती मिटवण्यात आली. बाबांनी मामाच्या घरी जाऊन एवढंच सांगितलं की गॅलरीला कठडा नव्हता. त्यावर मोठ्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, चार-पाच महिन्यांनी स्वतः इथे आले. ते हिशेबी आणि शांत गृहस्थ होते, म्हणे. त्यांनी नंबर तीन विचारलं, कोणीतरी बोट दाखवलं, आणि ते वर जाऊन आले. छातीपर्यंत उंच, घडीव दगडाचा कठडा. वर शेवाळ धरलेलं, म्हणजे कालपरवाचा नव्हेच. अशा कठड्यावरून माणूस नुसता पडत नाही, मुद्दाम वर चढावं लागतं. घरी येऊन ते म्हणाले, पोरांनी काहीतरी पैज लावली असणार, आणि हा मुलगा धडधडीत खोटं बोलतोय.

घरात बाबांवर विश्वास ठेवला एकट्या आईने. मामाची धाकटी बहीण ती. नुसता विश्वास ठेवून थांबली असती तर निभावलं असतं, पण तिने त्यांच्याशी लग्न केलं. माहेर तुटलं ते तुटलंच. आजी-आजोबा गेले तेव्हा आई दारापर्यंत जाऊन परत आली. मोठी मावशी तेवढी उरली, आणि तिचा निरोप दर दोन-चार वर्षांनी कोणाच्या तरी तोंडून यायचा: त्याने एकदा खरं बोलावं, मी त्या दिवशी त्यांच्या घरी येईन. आई त्यावर म्हणायची, खरं बोललेल्या माणसाने आणखी काय खरं बोलायचं? मामाच्या तारखेला ती दिवसभर कोणाशी बोलत नाही.

आता मावशी पुढच्या महिन्यात मुलाकडे परदेशात कायमची जाणार असल्याचं कानावर आलं होतं. हे कळल्यापासून आई घरातली कपाटं आवरत सुटली होती. आवरलेली पुन्हा आवरत होती.

काकांनी पाहिलं ते दगडी वसतिगृह, तेव्हा नुकतंच तीन झालेलं. मामा राहायचा ते शेजारचं, आजचं चार. मी शिडीवरून उतरले आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून त्याच्या वरच्या मजल्यावर गेले. सुट्टी होती, खोल्या रिकाम्या, गाद्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या. गॅलरीला विटांचा कठडा होता, प्लास्टर केलेला, कमरेच्या वर. मी गुडघ्यांवर बसले आणि तळाशी छिन्नी लावली. प्लास्टरचा एक तुकडा निघाला, मग दुसरा. टॉर्च मारला. फरशी, घासून गुळगुळीत केलेली, पॉलिश केलेली फरशी, कठड्याखालून सरळ पलीकडच्या कडेपर्यंत गेली होती.

जो माणूस कठडा बांधणार असतो तो त्याच्याखाली फरशी घालून पॉलिश करत नाही. आधी गॅलरी पूर्ण झाली, मुलं राहायला आली, आणि कठडा मागाहून कोणीतरी घाईघाईने वर आणून बसवला. अहवालात या वसतिगृहाचं कौतुक आहे: प्रवेश वाढल्यामुळे वर्षाच्या आत उभारलेली इमारत. कुलसचिवांनी त्या ओळीखाली माझ्यासाठी दोन रेघा मारून ठेवल्या होत्या.

मला राग आला. असा आला की मी छिन्नी फेकली, ती खाली फुलझाडांत जाऊन पडली. मग घरी निघाले, आणि वाटेत मला हसू यायला लागलं, कारण मी बाबांना काय सांगणार आहे ते मला माहीत होतं.

आम्ही तळमजल्यावर राहतो. बाबांनी आयुष्यात कधी वरच्या मजल्यावर घर घेतलं नाही, आणि मी विद्यापीठात नोकरीला लागले तेव्हा ते पेढे वगैरे वाटायचे सोडून दोन दिवस नीट जेवले नव्हते. माझं ऑफिस बघायलाही ते कधी आले नाहीत. मी त्यांना खुर्चीत बसवलं, कागदावर चार चौकोन काढले, फाटक या बाजूचं पुसून त्या बाजूला काढलं आणि सगळं सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. माझं बोलणं संपायच्या आत ती म्हणाली, "मी तेव्हापासून म्हणतेय!" आणि रडायला लागली. रडता रडता पुन्हा म्हणाली, "मी तेव्हापासून म्हणतेय की नाही?"

बाबा उठले. बसले. पुन्हा उठून मोरीत गेले आणि बंद असलेला नळ बंद करून आले.

"आता कशाला ते सगळं उकरायचं?" ते म्हणाले.

"कशाला म्हणजे? बाबा, तुम्ही खरं बोलत होता हे त्या फरशीवर दिसतंय. मावशीला दाखवायचं."

"झालं त्याला इतकी वर्षं. ताईचं वय काय, तिला तीन जिने चढवणार तू?"

"तीन नाहीत, दोन आहेत."

"दोन," बाबा म्हणाले, "हो, दोनच आहेत." मग चपला घालून ते बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला वाटलं, माणसाला एवढं ओझं अचानक उतरवून ठेवायला सांगितलं तर तो गांगरणारच. आई तर हवेत होती. दूधवाला आला तर तिने त्यालाही फाटकाची गोष्ट ऐकवली.

"तुम्हाला तेव्हा जाऊन नाही का बघता आलं?" रात्रीच्या जेवणाला मी बाबांना विचारलं. "काकांनी दगडी कठडा बघितला म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणायचं ना, अहो ती इमारत वेगळी असेल."

"जाववलं नाही," ते म्हणाले आणि पानावरून उठले.

मावशीला मी आधी कधीच फोन केला नव्हता. तिला अहो म्हणायचं की अगं, इथपासून माझी तयारी. ती निवृत्त मुख्याध्यापिका, आणि फोन उचलते तोही हजेरी घेतल्यासारखा.

"कोण?"

मी कोण ते सांगितलं.

"तुझी आई बरी आहे?"

"बरी आहे. मी काकांबद्दल फोन केलाय, मावशी. त्यांनी पाहिलेला कठडा खरा होता. ते खोटं बोलले नव्हते."

"ते खोटं बोलले म्हणायची कोणाची बिशाद आहे?"

"कोणाचीच नाही. पण बाबाही खोटं बोलले नव्हते. काकांना दाखवली ती इमारतच दुसरी होती."

आणि मी फाटक, नंबर, फरशी सगळं एका दमात ओतलं. माझा दम संपल्यावर मावशी म्हणाली, "मी सांगोवांगीवर विश्वास ठेवत नाही. मला दाखव."

ती रविवारी टॅक्सीने आली, थेट विद्यापीठात. आमच्या घरी उतरायला तिने साफ नकार दिला. "आधी बघू दे." काठी, जाड भिंगाचा चष्मा, कडक इस्त्रीचे कपडे. आई ठेवणीतले कपडे घालून फाटकाशी कधीची उभी होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि दोघीही माझ्याकडे वळल्या.

"तुझ्या मावशीला विचार, पाणी हवंय का," आई म्हणाली.

"तुझ्या आईला सांग, माझ्या पिशवीत आहे," मावशी म्हणाली.

दोघींमध्ये हातभराचं अंतर होतं. मी निरोप्याचं काम करत त्यांना घेऊन निघाले. बाबा मागून येत होते. त्यांना घरातून काढायला मला अक्षरशः ओढावं लागलं होतं. आई म्हणाली होती, "अहो, आज तरी ताठ चाला." ते ताठ चालत नव्हते. दर वळणावर थांबत होते, चष्मा काढत होते, पुसत होते, पुन्हा घालत होते. मी आपली पुढे-मागे करत होते.

दोन जिने चढायला आम्हाला शाळेचा एक तास संपायला लागतो तेवढा वेळ लागला. आईचे गुडघे, मावशीची काठी. वर आल्यावर मी एका खोलीतून स्टूल आणलं, मावशीला कठड्याजवळ बसवलं आणि टॉर्च हातात दिला. आपण केलेलं काम कोणाला दाखवताना मी इतकी उतावीळ कधी झाले नव्हते.

मावशी वाकली. फोडलेल्या प्लास्टरच्या जागेत तिने टॉर्च मारला, मग बोट घातलं, फरशीवरून फिरवलं, जेवढं आत जाईल तेवढं. माझा तास तपासत असल्यासारखी ती हळूहळू चार ठिकाणी बघत गेली.

"फरशी आधी. भिंत नंतर," ती म्हणाली.

"हो."

"आणि ह्यांनी बघितलं ते शेजारचं."

"ते बघ, इथून दिसतंय. दगडी."

तिने मान वर करून शेजारच्या इमारतीकडे पाहिलं. छातीएवढा, घडीव दगडाचा. बराच वेळ पाहिलं. "म्हणजे हेही बरोबर होते," ती स्वतःशीच म्हणाली, "आणि हाही." आईने श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी बाबांकडे बघून हसले. ते भिंतीला पाठ लावून, खोलीच्या बंद दाराशेजारी उभे होते, कठड्यापासून जितकं लांब राहता येईल तितके लांब.

मुख्याध्यापिका निवृत्त झाली तरी तपासणी अर्धी सोडत नाही. मावशीचा टॉर्च खांबावर गेला. तिथे, रंगाच्या पापुद्र्यांखाली, लोखंडी हुक होते. एक गुडघ्याच्या उंचीवर, एक कमरेच्या. पुढच्या खांबावर तसेच, त्याच्या पुढच्याही.

"हे कसले?"

"कपडे वाळत घालायला दोऱ्या बांधत असतील," मी म्हणाले. खरं तर मी त्या हुकांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

"गुडघ्याच्या उंचीवर?"

मी काहीतरी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात बाबा बोलले.

"दोऱ्या नव्हेत. बांबू होते, ताई."

आम्ही तिघी त्यांच्याकडे वळलो.

"कठडा नव्हता हे खरं आहे. पण कठडा होईपर्यंत म्हणून खांबाखांबांत बांबू बांधले होते. एक वर, एक खाली. प्रत्येक खोलीसमोर." त्यांनी बोट दाखवलं, पण पुढे आले नाहीत. "आमच्या खोलीसमोरचे दोन मी सोडले."

"का?" हे मी विचारलं की आईने, ते मला आता आठवत नाही.

"त्याला ताप होता. अंग नुसतं भाजत होतं, आणि डास. खाली बांधकामाचं पाणी साठवलेलं होतं, रात्री डासांनी फोडून काढायचे. मच्छरदाणी होती, पण टांगायला काही नव्हतं. नव्या भिंतीला खिळा ठोकला तर वॉर्डन दंड करायचा. मग मी ते बांबू सोडले, खाटेच्या दोन टोकांना उभे बांधले, त्यावर दोरी ताणली आणि मच्छरदाणी लावून दिली. सकाळी परत बांधू म्हटलं. तो पहाटे उठला. मला हाक मारली असेल. मला ऐकू आली नाही."

खाली कुठेतरी पंपाचा आवाज चालू होता. तो माझ्याच अखत्यारीतला पंप, आणि रविवारी तो चालू असायला नको होता, हा विचार माझ्या मनात आला याचा मला संताप आला.

"नंतर कोणी विचारलंच नाही बांबू कुठे गेले," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर विटा चढायला लागल्या. काका येऊन गेले, दगडी कठडा आहे म्हणाले. मला कळलं होतं, त्यांना भलतीच इमारत दाखवलीय. पण ती चूक काढायला गेलो असतो तर सगळे इथे आले असते. इथे आले असते तर हे हुक दिसले असते."

आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून काय आणलं विचारावं तसा.

"मला नाही सांगितलंत."

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

आईने माहेर सोडलं होतं ते एका वाक्याच्या भरवशावर, आणि ते वाक्य खरंच होतं. फक्त अर्धं होतं. ती वळली आणि जिन्याकडे चालू लागली. भिंतीला हात लावत, एकेक पायरी, गुडघे दुखत असताना माझा हात न मागता. मी जिन्याच्या तोंडाशी गेले. पुन्हा गॅलरीत आले. पुन्हा जिन्याकडे गेले. तिच्या मागे जावं तर बाबा इथे भिंतीला टेकून खाली सरकत चालले होते, आणि इथे थांबावं तर ती एकटी उतरत होती. हे सगळं मी घडवून आणलं होतं, फरशी दाखवायच्या हौसेपायी, आणि आता माझे पाय कुठेच टिकत नव्हते.

मावशी स्टुलावर तशीच होती. टॉर्च अजून चालू होता, भर दुपारी.

"ताप होता टिल्लूला?" ती म्हणाली. टिल्लू म्हणजे मामा. उंची सहा फूट, तरी तिच्यासाठी टिल्लू.

"हो, ताई. चार दिवस."

"आम्हाला कोणी कळवलं नाही."

"त्यानेच कळवू दिलं नाही. म्हणाला, ताई कामधाम टाकून धावत येईल."

"आलेच असते," मावशी म्हणाली. मग तिने टॉर्च बंद केला, चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाबांकडे तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं, लग्नाआधी सुट्टीत तिच्या घरी येऊन राहणाऱ्या, तिच्या हातचं जेवणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं. मला वाटलं, आता ही तोडून टाकणार. इतकी वर्षं राखून ठेवलेलं सगळं आता बाहेर येणार. मी बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, उगाचच, जणू मला काही अडवता येणार होतं.

"मग मच्छरदाणी लावल्यावर?" तिने विचारलं. "झोप लागली का रे त्याला?"

बाबांनी मान वर केली.

"लागली," ते म्हणाले. "चार दिवसांत पहिल्यांदा लागली. घोरायला लागला तेव्हा मग मी आडवा झालो."

मावशी काठी टेकत उठली. मी हात दिला तो तिने झटकला. कठड्यापाशी जाऊन तिने दोन्ही हात त्यावर ठेवले आणि खाली पाहिलं. आई वसतिगृहातून बाहेर पडली होती आणि फाटकाच्या उलट्या दिशेने, कुठे जायचंय ते माहीत नसल्यासारखी, चालली होती.

"ए! थांब!" मावशी ओरडली. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा तो शाळेचा आवाज होता. आई थांबली, पण वर पाहिलं नाही.

"अगं, त्याला झोप लागली होती! ऐकतेस ना? ताप होता, आणि ह्याने मच्छरदाणी लावून दिली, आणि त्याला झोप लागली होती!" ती इतकी पुढे झुकली होती की काठी हातातून सुटून गॅलरीत आडवी झाली. "ह्याने त्याचं केलं गं सगळं! मी घरी येतेय तुझ्या, ऐकलंस का? मला घेऊन चल!"

आईने वर पाहिलं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. नुसता एक हात वर गेलेला दिसला, काहीतरी मागे ढकलावं तसा, आणि मग माझ्या आईचा फाटलेला आवाज आला.

"ताई, तू आधी त्या कठड्यापासून मागे हो!"